आईला 'अभ्यासात' घ्यायचं म्हणतात. हो म्हणावं का? (बडोदे)

विश्वामित्रीकाठ
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची. माहेर मिरजेचं, लग्न होऊन बडोद्याला आली त्याला आता ३७ वर्षं झाली. दांडिया बाजारात जुन्या वाड्यात आई-बाबा दोघंच राहतात, मी मांजलपूरला. दिवाळीत आई फराळाच्या ऑर्डरी घेते. यंदा नवरात्रातच तिला अंगावरून जायला लागलं होतं. पाळी जाऊन अकरा वर्षं झालेली. तिने कोणाला सांगितलं नाही, कारण भाजणी दळून आली होती आणि चाळीस किलो चकलीची ऑर्डर अंगावर होती. भाऊबीजेला मी गेले तेव्हा न्हाणीघरात बादलीत भिजत घातलेला परकर दिसला. त्याच्या पाण्याचा रंग पाहूनच माझे हातपाय गार पडले.

बायोप्सी, एमआरआय सगळं झालं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज टू बी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नाही. शेक (रेडिएशन), सोबत दर आठवड्याला एक केमो, आणि शेवटी आतून शेक.

हे आम्ही पचवतोय तोवर त्यांनी विचारलं, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, तुम्ही भाग घ्याल का? नेहमी बाहेरून २५ दिवस शेक देतात. अभ्यासात काही बायकांना नेहमीसारखे २५ आणि काहींना रोजचा डोस थोडा वाढवून १५ दिवसांतच. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. हातात १६ पानांचा कागद दिला. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले.

बाबांनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "आपल्यावर प्रयोग करायचे नाहीत. डभोईच्या मुलींचं काय झालं, विसरलीस?" पुण्याचा भाऊ म्हणतो मुंबईला हलवा. माझा नवरा म्हणतो डॉक्टरांवर सोडा. मला झोप नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

गोदाकाठ
सोमवार, रात्री ११:०५

ताई, आईंना लवकर आराम पडो. माझ्या सासूबाईंना हाच आजार होता, सात वर्षं झाली, व्यवस्थित आहेत. धीर सोडू नका.

किरण_वैद्य
मंगळवार, सकाळी ६:५०

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत काम करते, बडोद्यात नाही. रिपोर्ट न बघता सल्ला देणार नाही. पण जे समजून घ्यायला हवं तेवढं सांगते.

टू बी म्हणजे आजार पिशवीच्या तोंडाबाहेर बाजूच्या पेशीजालात पसरला आहे, पण कंबरेच्या हाडापर्यंत पोचलेला नाही. इथे ऑपरेशन करत नाहीत याचं कारण हलगर्जीपणा नाही. टाटा मेमोरियलने हाच प्रश्न घेऊन ६३५ बायकांवर अभ्यास केला होता, २०१८ मध्ये छापून आला. एका गटाला आधी केमो देऊन मग ऑपरेशन, दुसऱ्याला सरळ केमो आणि शेक एकत्र. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ७७ टक्के. गाठ काढून टाकली की बरं वाटतं, घरच्यांना तर फारच. पण या स्टेजला शेकच सरस ठरला.

शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं हेही असंच ठरलं. १९९९ मध्ये पाच वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकाच बाजूने आले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना तातडीची सूचनाच काढली. पण आपल्याकडच्या बायका उशिरा येतात, रक्त कमी असतं, किडनीवर ताण असतो, त्यांना हे सोसेल का? ते टाटानेच ८५० बायकांवर तपासलं. सगळ्या थ्री बी स्टेजच्या. नुसत्या शेकाने पाच वर्षांनी ४६ टक्के हयात, सिस्प्लॅटिन जोडल्यावर ५४ टक्के.

आता तुमचा १५ की २५ चा प्रश्न. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच आठवड्यांचा शेक तीन आठवड्यांवर आला, कारण इंग्लंडमध्ये हजारो बायका अशाच अभ्यासात सामील झाल्या. पुढे २०२० मध्ये तर एका आठवड्यात पाच वेळा देऊनही चालतं असं दिसलं. पण ओटीपोटात आतडी आणि मूत्राशय अगदी लागून असतात. रोजचा डोस वाढवला की गाठीवर मारा चांगला बसतो, तसा त्यांच्यावरही बसतो, आणि त्याचा त्रास कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी दिसतो. म्हणून स्तनाचं गणित इथे तसंच लावता येत नाही, वेगळं तपासावं लागतं.

तेव्हा मशीन कुठलं आणि किरण कसे देणार ते विचारा. ऑपरेशननंतर शेक घेणाऱ्या ३०० बायकांवर टाटाच्या डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या टीमने केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. रोज फोटो घेऊन आतड्याला चुकवत किरण दिले तर तीन वर्षांत आतड्याचा उशिराचा त्रास २१ टक्के बायकांना झाला, जुन्या पद्धतीने ४२ टक्के. म्हणजे निम्मा. तुमच्याकडे दोन्ही गटांना हीच नवी पद्धत देणार आहेत का, एवढं तरी कळायलाच हवं.

आणि एक. बाहेरचा आणि आतला शेक मिळून सगळं आठ आठवड्यांत संपलं पाहिजे. मध्ये खंड पडला की गुण कमी येतो. मुंबईला हलवायचं तर आत्ता हलवा, सुरू झाल्यावर नाही.

सयाजीगंज
मंगळवार, दुपारी १:१५

तुमच्या बाबांचं मला अगदी पटतं, आणि तरी त्यांना अर्धीच गोष्ट आठवते आहे असंही वाटतं. मी निवृत्त वकील, बडोद्यातच जन्म गेला. ते प्रकरण बारकाईने वाचलं होतं म्हणून लिहितो.

२००९ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि पाथ ही अमेरिकी संस्था यांनी एचपीव्ही, म्हणजे हाच कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरच्या लशीचा प्रकल्प दोन जिल्ह्यांत सुरू केला. आंध्रात खम्मम, गुजरातेत आपला बडोदा जिल्हा. आपल्याकडे डभोई, शिनोर आणि कवांट हे तालुके. दहा ते चौदा वर्षांच्या, दोन्हीकडच्या मिळून वीस हजारांहून जास्त मुली. मग सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, पाच तिकडच्या, दोन इकडच्या. एप्रिल २०१० मध्ये केंद्राने काम थांबवलं.

चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. पण सह्यांचा घोळ मात्र खराखुरा निघाला. खम्ममला हजारो अर्जांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. शिवाय हा 'अभ्यास' नसून 'प्रात्यक्षिक' आहे असं म्हटल्यामुळे औषधचाचणीचे नियमच त्याला पूर्ण लागू केले नव्हते. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

म्हणजे लस वाईट नव्हती. पोरींच्या आईबापांना नीट विचारलं नव्हतं, हा गुन्हा होता. आणि त्याची किंमत लशीने मोजली, पुढची कित्येक वर्षं लोक तिच्या नावाने बिचकत राहिले.

तेव्हा बाबांना सांगा, संशय ठेवाच, पण तो कागदावर उतरवा. मी असतो तर हे विचारलं असतं: अभ्यास सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी यादीत नोंदलेला आहे का (नंबर कागदावर असतो, इंटरनेटवर कोणालाही बघता येतो), एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन छापला आहे का, अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, आणि मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना. शेवटच्याचं उत्तर 'हो' हेच असलं पाहिजे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमच्या हातात आलीच पाहिजे, मागायला लाजू नका.

आकडेमोड
मंगळवार, सायंकाळी ७:३०

कॉम्प्युटर ठरवणार म्हटलं की पोटात गोळा येतो, साहजिक आहे. 'माझ्या आईचा उपचार चिठ्ठ्या टाकून ठरवणार?' मी आकडेशास्त्र शिकवतो, मलाही माझ्या बहिणीच्या वेळी तसंच झालं होतं.

पण डॉक्टरांनी ठरवलं तर काय होतं? नकळत धडधाकट बाई कमी दिवसांच्या गटात जाते, अशक्त बाई नेहमीच्या. मग १५ दिवसवाल्या बऱ्या निघतात, आणि त्या शेकाने बऱ्या झाल्या की मुळात सुदृढ होत्या म्हणून, हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि जाणत्यांचा अंदाजही चुकतो. याच आजाराची गोष्ट आहे, पण अगदी सुरुवातीच्या स्टेजची. तिथे पिशवी काढतात. दुर्बिणीने काढली तर टाके कमी, घरी लवकर, म्हणून जगभर तेच चाललं होतं, रोबोटही आले. कोणालाच शंका नव्हती. मग रीतसर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली आणि २०१८ मध्ये निकाल आला: साडेचार वर्षांनी आजाराविना असलेल्या बायका पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये ९६.५ टक्के, दुर्बिणीने केलेल्यात ८६ टक्के. निकालानंतर कितीतरी सर्जन पुन्हा उघड्या ऑपरेशनकडे वळले. त्या तुलनेत नाव घालणाऱ्या बायका नसत्या तर आजही सगळ्या दुर्बिणीच्याच मागे असत्या.

पुणेरी_समीर
मंगळवार, रात्री ९:१०

एक स्पष्ट सांगू का? पैसे असतील तर या अभ्यासाबिभ्यासात पडू नका. आता इम्युनोथेरपी आली आहे. माझ्या मित्राच्या बायकोला दिली. नवीन ते घ्या, जुन्या शेकात किती दिवस फिरवायचं?

किरण_वैद्य
मंगळवार, रात्री १०:०२

समीर, इम्युनोथेरपी चांगली आहे, पण कोणासाठी ते बघायला हवं. शेक-केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं तर तीन वर्षांनी हयात असलेल्या ८२.६ टक्के, न दिलेल्यात ७४.८ टक्के, हे खरं आहे. पण त्या अभ्यासात जास्त पसरलेल्या आजाराच्या बायका होत्या, आणि अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली ती स्टेज तीन ते चार ए साठीच. यांच्या आईंचं टू बी आहे. तिथे लाखो रुपये घालून काय मिळेल याचा पुरावा तितका भक्कम नाही. आणि 'जुना शेक' म्हणू नका. तो नसेल तर बाकी कशाचाच उपयोग नाही.

खरं विचारायचं असेल तर हे विचारा: शेकाआधी सहा आठवडे हलकी केमो द्यायची का? इंग्लंडच्या डॉ. मेरी मॅकॉर्मॅक यांचा ५०० बायकांचा अभ्यास, त्यात भारतातल्याही होत्या. पाच वर्षांनी ८० टक्के हयात, नुसत्या शेक-केमोत ७२ टक्के. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषधं दोन्ही जुनी आणि स्वस्त, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. आईंना ते बसतं का, आणि अभ्यासात शिरलं तर तो मार्ग बंद होतो का, हे सही करण्याआधी डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या.

मी_नर्मदा
बुधवार, सकाळी ११:२०

मी इंदूरची, वय ५४. मला पिशवीचा नाही, बीजकोशाचा कॅन्सर झाला होता, तिसरी स्टेज. लोक सगळ्यालाच 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात. पण पिशवीचं तोंड, पिशवीचं अस्तर आणि बीजकोश हे तीन निराळे आजार आहेत, उपचारही निराळे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकीचं औषध दुसरीला सांगतात ते ऐकू नका.

माझी आत्या आणि तिची मुलगी दोघी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. माझ्या वेळी डॉक्टरांनी रक्त तपासलं, बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. म्हणून केमोनंतर दोन वर्षं ओलॅपॅरिब नावाच्या गोळ्या घेतल्या. हा दोष असणाऱ्या ३९१ बायकांवर त्या गोळीचा अभ्यास झाला होता. सात वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के हयात, औषध नसलेली साधी गोळी घेणाऱ्यांपैकी साडेशेहेचाळीस. त्या साधी गोळी गिळणाऱ्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. रोज सकाळी गोळी घेताना मी त्यांना हात जोडायची.

माझ्या मुलीचीही तपासणी झाली. तिच्यात दोष नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, स्वतःच्या वेळी रडले नव्हते.

विश्वामित्रीकाठ, या धाग्यावर बाबा काय म्हणतात ते कळलं, भाऊ काय म्हणतो ते कळलं, नवरा काय म्हणतो तेही कळलं. आई काय म्हणते?

विश्वामित्रीकाठ
बुधवार, रात्री ११:५०

मी_नर्मदा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. आम्ही तिला विचारलंच नाही. तिच्या समोर, तिच्याबद्दल, तिला सोडून बोलतोय आठ दिवस.

आज दुपारी तो कागद घेऊन तिच्याकडे गेले. वाच म्हटलं. तिने चष्मा लावला, पहिलं पान वाचायला दहा मिनिटं लागली, मग हळूच म्हणाली, "अगं, हे गुजराती आहे. मला भाजीवाल्याशी बोलता येतं, हे नाही समजत." ३७ वर्षं बडोद्यात राहते, गुजराती फडाफड बोलते. वाचते दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, बसचे बोर्ड. 'यादृच्छिक' आणि 'प्रतिकूळ घटना' असले शब्द तिने कुठे वाचावेत? हिंदी कागद आहे म्हणाले, तोही मागितला. त्यातली भाषा तर मलाही समजेना.

मी हॉस्पिटलात फोन केला, मराठीत मिळेल का? बाई म्हणाल्या, इथे मराठी नाही, सगळे गुजरातीतच सही करतात. तुम्हीच वाचून दाखवा ना घरी. तसं चालतं का?

सयाजीगंज
गुरुवार, सकाळी ७:१०

नाही. घरचं माणूस वाचून दाखवताना स्वतःच्या मनाप्रमाणे गाळतं, गोड करतं. तुमचा हेतू चांगला असला तरी. सहभागी बाईला समजेल अशा भाषेत कागद हवा, हा उपकार नाही. वाचता येत नसेल तर पूर्ण कागद तिच्यासमोर वाचून दाखवायचा, आणि त्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर हवा, त्याचीही सही हवी.

पण त्याआधी हे करून बघा. अभ्यास एकाच हॉस्पिटलात आहे की अनेक ठिकाणी? सीटीआरआयवर नंबर टाका, केंद्रांची यादी दिसते. महाराष्ट्रातलं एखादं केंद्र असेल तर तिथे मराठी कागद तयार असणारच.

बार्शीकर
गुरुवार, दुपारी १२:४५

धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. भाषेचा विषय निघाला म्हणून लिहितो.

माझी मावशी नर्स. १९९९-२००० च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) गावोगाव जी तपासणी चालली होती, त्या टीममध्ये ती होती. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं काम. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने. ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पॅप (पेशींची तपासणी), काहींत व्हिनेगर लावून बघणं, आणि काहींत नेहमीची आरोग्यसेवा.

मावशी सांगते, बायका समाजमंदिरासमोर पदर तोंडावर घेऊन रांगेत बसायच्या. आत जायला कोणी तयार नसायचं. मग एक म्हातारी उठायची, "मला काय आता लाजायचंय," म्हणत आत जायची, बाहेर येऊन बाकीच्यांना सांगायची, काही दुखत नाही गं. तिच्यामागून सगळ्या. मावशी तिथल्या बोलीत समजावायची, छापील मराठीत नव्हे. छापील मराठीसुद्धा तिथे परकीच होती.

२००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणीच्या गटात ३४ मृत्यू, नुसत्या नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. आज जगभर एचपीव्ही तपासणीची शिफारस होते तेव्हा आमच्या परांडा-भूमकडच्या बायकांचा आकडा पुढे ठेवतात.

पण ते ६४ मावशीच्या डोक्यातून जात नाहीत. 'तपासलं असतं तर वाचल्या असत्या' म्हणते. त्या गटाला तपासणीशिवाय ठेवणं बरोबर होतं का यावर परदेशातही वाद झाला. एक बाजू म्हणते, तेव्हा सरकारी तपासणी कुठेच नव्हती, म्हणजे त्यांचं काही काढून घेतलं नाही. दुसरी म्हणते, तपासणीचा उपयोग होतो हे माहीत होतंच. मला मावशीचं पटतं. तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र एक फरक दिसतो, दोन्ही गटांना पूर्ण उपचार आहेत. उपचाराविना कोणीच राहत नाही. हे मी सगळ्यात आधी तपासलं असतं.

आकडेमोड
गुरुवार, दुपारी २:२०

सयाजीगंजकाकांनी २०१० ला जिथे सोडलं त्याचा पुढचा भाग राहून गेला, बाबांना तो जरूर सांगा.

त्याच सुमारास एचपीव्ही लशीचा आणखी एक अभ्यास देशात चालू होता, डभोईच्या प्रकल्पाहून वेगळा. वीस हजार मुलींना दोन किंवा तीन डोस देऊन तुलना करायची होती. २०१० च्या बंदीत तोही अडकला. ४,९४९ मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचा देताच आला नाही. काम फसलं असंच सगळ्यांना वाटलं. पण संशोधकांनी मुलींचा हात सोडला नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. बार्शी, पुणे, अहमदाबाद, मिझोराम, सिक्कीम, कुठल्या कुठे. २०२१ मध्ये निकाल छापला: एका डोसनेही १६ आणि १८ नंबरच्या विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग ९५ टक्के टळतो. हे दोन नंबर मिळून या कॅन्सरचे सुमारे ७० टक्के रुग्ण तयार करतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल म्हटलं, त्यात या मुलींचा मोठा वाटा. गरीब देशांना तेवढ्याच डोसांत दुप्पट मुली झाकता येतात.

विश्वामित्रीकाठ
शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांना एकत्रच सांगते, दोन दिवस धावपळीत गेले.

सीटीआरआयवर बघितलं. महाराष्ट्रात दोन केंद्रं निघाली. अभ्यासाच्या बाईंना तसं सांगितलं तेव्हा त्यांचा सूर बदलला. मराठी कागद तिकडून मागवला, इथल्या कमिटीच्या सचिवांनी दोन दिवसांत बघून दिला. शुक्रवारची मुदत आमच्यासाठी सोमवारवर नेली. याआधी कोणा मराठी बाईने मागितलाच नव्हता म्हणे. मला वाईट वाटलं. मांडवी-रावपुऱ्यापासून इथपर्यंत आपल्या किती बायका तिथे जात असतील.

काल संध्याकाळी आई तो घेऊन पाटावर बसली. सोळाच्या सोळा पानं वाचली, मधे फक्त कुकर बंद करायला उठली. बाबा आणि मी गप्प. मग जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पेन्सिलीने लिहायला लागली. बाबा म्हणाले, काय लिहितेस? म्हणाली, "माझे प्रश्न." तिने लिहिलं होतं तसंच उतरवते:

लघवीच्या पिशवीला पुढे किती वर्षांनी त्रास होऊ शकतो. झाला तर कोणाकडे यायचं, हेच डॉक्टर असतील का.

१५ वाला शेक जास्त जोराचा, मग एखाद्या दिवशी मशीन बंद पडलं तर काय.

आधी सहा आठवडे केमो हा प्रकार माझ्यासाठी का नाही.

माझा फोटो कुठे छापणार नाहीत ना.

पुढच्या दिवाळीत पाटा-वरवंटा ओढता येईल का.

आज तीच बोलली डॉक्टरांशी, गुजरातीत. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं नाही, पण तोंड उघडू नका असं घरूनच बजावलं होतं. डॉक्टरांनी पाऊण तास दिला. आतड्या-मूत्राशयाचा उशिराचा त्रास दोन-तीन वर्षांत दिसू शकतो, म्हणून पाच वर्षं बोलावत राहणार. दोन्ही गटांना रोज फोटो घेऊनच किरण. मशीन बंद पडलं तर शनिवारी भरून काढतात. आधीच्या केमोबद्दल म्हणाले, तुमचं हिमोग्लोबिन ८.९ आहे, सहा आठवडे थांबवायची माझी तयारी नाही, आधी रक्त चढवून शेक सुरू करू. नकार दिलात तरी सोमवारीच सुरू करू, तारीख तीच. हे ऐकून बाबांचे खांदे जरा खाली आले.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, मग काय ठरवलंस? ती म्हणाली, "करते सही." का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

मी_नर्मदा
शनिवार, रात्री १०:१५

त्यांना माझा नमस्कार सांगा. पाटा-वरवंट्याचं उत्तर काय दिलं डॉक्टरांनी?

विश्वामित्रीकाठ
शनिवार, रात्री १०:२२

म्हणाले, मिक्सर घ्या.

किरण_वैद्य
रविवार, सकाळी ८:००

प्रश्न फार नेमके काढलेत त्यांनी. माझ्या ओपीडीत लावायला मागून घेणार आहे, परवानगी विचारा त्यांची.

शेक चालू असताना लघवीची पिशवी रोज सारखी भरलेली असणं फार महत्त्वाचं. भरली की ती आणि आतडी किरणांच्या वाटेतून वर सरकतात. मोजून तेवढंच पाणी, तेवढीच वाट. घरी दोन दिवस सवय करून बघा. जुलाब सुरू झाले तर दूध बंद, ताक-भात, मऊ खिचडी, आणि लगेच कळवायचं, अंगावर काढायचं नाही.

विश्वामित्रीकाठ
तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०:१०

कॉम्प्युटरने २५ चा गट दिला. मला थोडं हिरमुसायला झालं, आई म्हणाली बरं झालं, रोज तेवढंच बाहेर पडणं होतं. बाबांनी रिक्षावाला ठरवला आहे, सुरसागरच्या कडेने नेतो.

आज बारावा शेक झाला. निघण्याआधी ती लघवीला जाऊन येते आणि मग तिथे पोचल्यावर स्टीलच्या तांब्यातून मोजून अर्धा लिटर पाणी पिते. तांब्याला आत लाल धाग्याची खूण बांधली आहे, तिथपर्यंत. मग घड्याळ बघत बाकावर बसते. परवा शेजारी शिनोरहून आलेली एक बाई होती, पस्तिशीची असेल, हातात तोच गुजराती कागद. आई तिला विचारत होती, वाचलास का, समजला का. ती मान हलवून नाही म्हणाली. आईने आपलं कॅलेंडरचं पान काढलं आणि एकेक प्रश्न तिला गुजरातीत सांगत बसली. नंबर आला तरी उठेना, तंत्रज्ञाला दोनदा हाक मारावी लागली.

किरण_वैद्य, परवानगी दिली आहे. फक्त पाटा-वरवंट्याचा प्रश्न काढू नका म्हणते, तोही ठेवा.

उद्या सिस्प्लॅटिनचा तिसरा डोस. किडनीचं क्रिएटिनीन ०.९ आलं, हिमोग्लोबिन १०.४.